‘ऐकू येतं’ असा शेरा

बहिऱ्या मुलांच्या शाळेत सगळ्यात जास्त आरडाओरडा शिक्षकांचा असतो, हे तिथं नोकरी केल्याशिवाय कळत नाही. समोरच्याला ऐकू येत नाही हे पक्कं माहीत असतं, तरी माणूस आवाज चढवतोच. आमचे मुख्याध्यापक रामकिशन सर घसा बसेपर्यंत ‘प, पतंगाचा प’ करायचे. मी चित्रकला शिकवायचे, पण मीही ओरडायचे. आनंदराज हनमंते आमच्या शाळेत आला, तो पहिल्याच दिवशी वर्गात गेला आणि काही न बोलता पोरांच्या मधे मांडी घालून बसला. थोड्या वेळानं मी खिडकीतून डोकावले. सगळी पोरं त्याला चिकटून बसली होती आणि सगळ्यांचे हात चालू होते. एकमेकांना ढकलून सांगत होती, आधी माझं, आधी माझं. या पोरांना एवढं काही सांगायचं असेल, हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. लातूरहून किल्लारीकडे जाताना एका फाट्यावरून आत दोन किलोमीटरवर आमची निवासी शाळा होती. भूकंपानंतर कुणीतरी बांधून दिलेली पत्र्याची लांबलचक इमारत, पुढं लिंबाची चार झाडं, मागं कुणाची तरी तूर. संस्था मृत्युंजयअण्णांची. अण्णा महिन्यातून एकदा पांढऱ्या गाडीतून यायचे, पोरांना पेढे वाटायचे आणि जायचे. मी नांदेडची. शिवकांता माझं नाव. नवऱ्याची बदली लातूरला झाली म्हणून मी तिकडं गेले आणि मिळाली ती नोकरी धरली.

आनंदराज हदगाव तालुक्यातला, बौद्ध घरातला. वडील, ज्ञानोबा, तो चौथीत असतानाच गेले. आई सरजाबाई जन्मापासून बहिरी. तिनं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून याला शिकवलं. घरात दोघंच. त्यामुळं हातानं बोलणं ही आनंदराजची खरी मायबोली, आणि तोंडानं बोलणं तो नंतर गल्लीत शिकला. शिक्षणशास्त्राची पदविका वगैरे त्यानं रीतसर केली होती, पण पोरांना त्याचं जे कळायचं ते त्या पदविकेतलं नव्हतं. तोंडानं बोलताना तो जरा अडखळायचा. हातानं बोलायला लागला की मात्र वेगळाच माणूस व्हायचा, खुलायचा, नकला करायचा, पोरांना हसवून हसवून लोळवायचा.

आईला त्यानं सोबतच आणलं होतं. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ती दोघं राहायची. सरजाबाई उंच, काटक, डोळे कायम जागे. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती गावातल्या विहारात जायची, सगळ्यात पुढं बसायची आणि वंदना चालू असली की बाकीच्यांच्या ओठांकडं बघत आपलेही ओठ हलवायची. मुली तिच्या अंगाखांद्यावर असायच्या. सगळ्यात जास्त साक्षी.

साक्षी तेव्हा नऊ वर्षांची. निलंग्याकडच्या, पार कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावाची. तिचे वडील महांतेश स्वतःची पाच एकर कसणारे, साधे, मोठ्या आवाजात बोलणारे. पोरगी सात वर्षांची होईपर्यंत त्यांनी तिला देवाधर्माला नेलं, हैदराबादला नेलं, मग कुणीतरी शाळा सांगितली. शाळेत आली तेव्हा साक्षीला भूक लागली एवढंही सांगता यायचं नाही, नुसती भिंतीला डोकं आपटायची. दोन वर्षांत ती वर्गातली सगळ्यात बडबडी झाली. तिचे हात एवढे जोरात चालायचे की आनंदराज तिला खूण करायचा, हळू, हळू, मी म्हातारा माणूस आहे.

आता मुद्द्याचं सांगते.

आमच्या शाळेला मान्यता पन्नास मुलांची होती. पटावर सत्तेचाळीस नावं होती. प्रत्यक्षात पोरं होती एकवीस. बाकीची सव्वीस नावं कुठून आली, त्यांची प्रमाणपत्रं कुणी दिली, हे आम्ही कुणी विचारलं नाही. नोकरीला लागलो तेव्हापासून ती तशीच होती, जशी भिंत असते किंवा खिडकी असते. वर्षातून एकदा तपासणी व्हायची. तपासणीच्या आधी अण्णांची गाडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ऐकू येणारी पोरं गोळा करून आणायची. दोन दिवस शाळेत ठेवायची, दोन वेळचं गोडधोड, जाताना दप्तर. तपासणीचे साहेब यायचे, डोकी मोजायचे, चहा घेऊन जायचे.

आनंदराजला हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा तो अण्णांकडं गेला. मी तिथंच होते, चित्रांचे तक्ते दाखवायला थांबले होते.

“अण्णा, हे बरोबर न्हाई,” तो म्हणाला.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. “बरोबर न्हाईच की. मी कुठं म्हणलं बरोबर हाय? पण तू सांग, पट एकवीस दाखवला तर शाळा राहती का? नियम काय हाय, तुला ठावं. शाळा बंद. तुझी नोकरी जाऊ दे, तुला दुसरी मिळंल. ही एकवीस लेकरं कुठं जातेल? परत गोठ्यात. तुझी आई राहिली तशी ऱ्हातेल.”

अण्णा पुढं म्हणाले, “तुझ्यासारखा एक तरी माणूस हाय म्हणून शाळेला शाळा म्हणतेत लोक. तूच संभाळून घे.”

आणि आनंदराजनं संभाळून घेतलं. मी त्याला दोष द्यायला बसलेली नाही. मी तीन वर्षं तेच करत होते, आणि मला कुणी शेजारी बसवून समजवावंही लागलं नव्हतं.

साक्षी नऊ वर्षांची झाली त्या वर्षी नवीन साहेब येणार अशी बातमी आली. तरुण, कडक. ते नुसती डोकी मोजत नाहीत, पोरांच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवतात, काहीतरी आपटतात आणि कोण दचकतं ते बघतात. रामकिशन सरांना घाम फुटला. अण्णांनी आनंदराजला बोलावून सांगितलं, “आणलेल्या पोरांना दोन दिवसांत बहिरं कर.”

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत.

त्यानं केलं. आणि ते त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणालाच जमलं नसतं. त्यानं मागच्या वर्गात त्या पोरांना ओळीत बसवलं. आवाजाआधी माणसाची मान आखडते, म्हणून आधी खांदे सैल सोडायचे. डोळ्याची पापणी फसवते, म्हणून समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडं बघत राहायचं. मनातल्या मनात आकडे म्हणायचे, म्हणजे आवाज उशिरा पोचतो. तो मागून ताट पाडायचा, पोरं दचकायची, हसायची, पुन्हा बसायची. त्यांना तो खेळच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मागून लोखंडी बादली टाकली, तर एकाचीही मान हलली नाही. थोड्याफार खुणाही शिकवल्या त्यांना, पाणी, जेवण, आई, घर.

मी दारात उभी होते. त्याचं तोंड मला दिसत होतं. काम नीट झाल्याचा आनंद माणसाच्या तोंडावर आपोआप येतो ना, तसा क्षणभर आला, आणि मग त्याचा त्यालाच तो समजला. बादली उचलून तो बाहेर निघून गेला.

तपासणी दुसऱ्या दिवशी अकराला झाली. साहेब खरंच कडक होते. चहा नको म्हणाले. त्यांनी पटावरून आपल्या मनानं सहा नावं काढली आणि ती पोरं पुढं बसवली. चार आणलेली होती, दोन खरी. खऱ्यांतली एक साक्षी.

साहेबांनी मागून टाळ्या वाजवल्या. कुणी हललं नाही. शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातलं जड लाकडी स्टूल उचललं आणि पोरांच्या मागं जमिनीवर सोडलं.

आमच्या वर्गातल्या शहाबादी फरश्या जुन्या. खालचा मुरूम खचून त्या पोकळ झालेल्या, चालताना डुगडुगायच्या. साक्षी अनवाणी, नेमकी तशाच एका फरशीवर बसलेली. स्टूल पडलं आणि ती गर्रकन मागं वळली. तिच्या तळव्यांना, मांडीला तो धक्का कळला. बहिऱ्या माणसाचं अंगच कान असतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. त्या चार पोरांच्या अंगालाही धक्का बसलाच असणार, पण त्यांना न हलायचं शिकवलेलं होतं. साक्षीला कुणी काय शिकवणार? खऱ्या बहिऱ्या पोरीला, बाई, तू बहिरी असल्यासारखी बस, असं कसं सांगायचं?

ती वळली, वर हसली, आणि स्टुलाकडं बोट दाखवून आनंदराजला खुणेनं म्हणाली, पडलं.

साहेबांनी वहीत लिहिलं. मुलीस ऐकू येतं, नाव पटावरून कमी करावे. बाकी पाच योग्य.

साहेबांची गाडी गेली तसा आनंदराज रामकिशन सरांच्या खोलीत घुसला. “सर, फेरतपासणी मागा. दवाखान्यात मशीनवर न्या तिला. ती ठार बहिरी हाय.”

“माहीत हाय मला,” सर म्हणाले. “पण एकीची मागितली तर साहेब म्हणतेल, सगळ्यांचीच करा. मग?”

अण्णांनी फोनवरून सांगितलं, एकच नाव गेलं, लई झालं. पोरीला सध्या घरी लावून द्या, पुढच्या वर्षी नवे कागद करून घेऊ.

त्या दिवशी आणखी एक झालं. सरजाबाई मुलांना जेवायला वाढायला आली होती. आधीच्या तपासण्यांच्या वेळी ती गावी गेलेली असायची. नवी पोरं बघून तिला आनंद झाला. एवढी सगळी आपली! तिनं एका पोराच्या हनुवटीला हात लावून खुणेनं विचारलं, तुझं गाव कोणतं, तुझी आई कुठं. पोरगं गांगरलं. शिकवलेल्या चार खुणा त्यानं उलटसुलट केल्या, पाणी, घर, पाणी. तेवढ्यात बाहेरून कुणी त्याला हाक मारली आणि ते “आलो!” करत पळालं. सरजाबाईनं त्याचे ओठ पाहिले, वळलेली मान पाहिली. मग तिनं ओळीतल्या सगळ्या पोरांकडं एकेक करून पाहिलं. आणि शेवटी आपल्या मुलाकडं.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आपण रुसलो की तोंड बंद ठेवतो, पण समोरच्याचं ऐकावं लागतंच. सरजाबाईला तेही करायचं नव्हतं. ती त्याच्याकडं बघायचीच नाही. भाकरी वाढायची आणि मान फिरवायची. तो तिच्या समोर जाऊन उभा राहायचा, हात हलवायचा, ती दुसरीकडं बघायची. आनंदराज मला म्हणाला होता, “मॅडम, आईनं माझ्यासाठी डोळे मिटून घेतले. मी आता बोलू कुठून?”

महांतेश चार दिवसांनी साक्षीला न्यायला आले. आम्ही सगळे त्यांच्या रागाला भिऊन होतो. पण ते जीपमधून उतरले ते हसतच. गूळ आणला होता, सगळ्यांना वाटला.

“साहेब म्हणले म्हणं, ऐकाय येतंय हिला!” ते मोठ्यानं म्हणाले. “सरकारी मानूस खोटं कशाला बोलंल? दोन वर्षांत तुमी चमत्कार केलाव, सर.” आणि ते वाकून आनंदराजच्या पाया पडायला लागले.

आनंदराजनं त्यांना वरच्या वर धरलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. रामकिशन सर मागं उभे होते. मीही होते. तो काही बोलला नाही.

साक्षीनं जाताना जीपच्या मागच्या बाकावरून खूण केली, कधी परत? त्यानं हातानं सांगितलं, लवकर.

दिवाळी झाली, थंडी पडली. आनंदराजचं वर्गात लक्ष लागेना. जानेवारीतल्या एका रविवारी तो जीप बदलत बदलत साक्षीच्या गावी गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

महांतेशनी त्याला बाजेवर बसवलं आणि हौसेनं म्हणाले, “आता दाखवतो बगा तुमाला.” साक्षी अंगणात शेंगा फोडत बसली होती, पाठमोरी. वडिलांनी मागून हाक मारली, “साक्षेव्वा!” ती वळली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. ती पुन्हा वळली. “बगितलाव? आदी वळत नव्हती. आता वळतीया. जरा कडक ऱ्हावं लागतंय, येवडंच.”

आनंदराज बघत बसला. हाक नसतानाही पोरगी वळत होती. चार शेंगा फोडायची, मान वळवून मागं बघायची. पुन्हा चार शेंगा, पुन्हा मागं. पाणी प्यायला उठली तरी दोन पावलांवर एकदा मागं. हाक कधी येईल ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती सारखीच वळून बघत होती. हाकेला वळली नाही तर काय होतं, ते तिच्या दंडावर दिसत होतं. तिची आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “दोन म्हयनं झालं, झोपंतबी मान फिरवतीया लेकरू.”

तेव्हा आनंदराज बोलला. महांतेशना म्हणाला, “दादा, तिला ऐकू येत न्हाई. कधीच येत नव्हतं. साहेबाची चूक झाली, आणि आमी ती होऊ दिली.”

महांतेश म्हणाले, “तुमच्या पटावरचं नाव गेलं म्हणून आलाव व्हय?” आणि उठून गोठ्यात गेले.

साक्षीनं त्याला पाहिलं होतंच. ती आली, समोर बसली. दोघं थोडं बोलले. पण बोलतानाही ती मधेच थांबून मागं बघायची आणि काय सांगत होती ते विसरायची.

त्या आठवड्यात आनंदराजनं तक्रार लिहिली. माझ्या टेबलावर बसून लिहिली, कारण माझं अक्षर बरं आणि शब्द अडला की मी सांगायचे. त्याची सुरुवात अजून माझ्या लक्षात आहे. ‘मी आनंदराज ज्ञानोबा हनमंते, ऐकू येणाऱ्या मुलांना बहिऱ्यासारखे वागण्यास मी स्वतः शिकवले आहे.’ मी त्याला म्हणाले, स्वतःचं नाव पहिलं कशाला? आधी संस्थेचं लिहा. तो म्हणाला, “शिकवलं मी ना? मग त्यांचं पहिलं कसं लिहू?”

पत्र पूर्ण झालं. त्यानं खाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. “मॅडम, तुम्ही पण बघितलंय सगळं. दोघांची सही असली तर दाबता येणार न्हाई त्यांना.”

माझी नोकरी त्या जूनमध्ये कायम होणार होती. घरी सासूबाई अंथरुणावर होत्या. मी म्हणाले, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी गेले तर त्यानं पत्र एकट्यानं पाठवून दिलं होतं आणि मला त्याबद्दल काही विचारलं नाही. नेहमीसारखा म्हणाला, “चहा घ्या मॅडम, आईनं केलाय.”

मी चमकले. “बोलल्या तुमच्याशी?”

“पत्र दाखवलं तिला. वाचता कुठं येतं? पण मी हातानं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, नोकरी जाईल का. मी म्हणलं, जाईल. तिनं उठून पीठ मळायला घेतलं.”

चौकशी लागली. पुढचे सहा महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण ते आठवताना मला माझीच लाज वाटते. आनंदराजशी शाळेत कुणी बोलेनासं झालं. रामकिशन सरांनी त्याचा वर्ग काढून घेतला. कुणीतरी गावात उठवलं की हा माणूस लेकरांच्या तोंडचा घास काढतोय. ज्यांची पोरं खरंच शाळेत होती त्यांतले दोघं-तिघं बाप येऊन त्याच्या अंगावर धावून गेले. मला चौकशीला बोलावलं तेव्हा मी सांगितलं, मी चित्रकला शिकवते, पटाचं मला माहीत नाही.

सगळ्या पोरांची लातूरला मशीनवर तपासणी झाली. साक्षीलाही बोलावलं. तिच्या अहवालात लिहून आलं, दोन्ही कान निकामी. सव्वीस खोटी नावं निघाली. शाळेची मान्यता गेली.

अण्णा म्हणाले होते तसंच झालं, हे सांगायला मला जीभ रेटत नाही, पण झालं तसंच. एकवीस पोरांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचा आदेश निघाला. ती शाळा सत्तर किलोमीटरवर. तिथं नऊ पोरं गेली. त्यातली चार दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाहीत. बाकीची आपापल्या गावात शेरडं राखायला, धुणंभांडं करायला, काही नुसतीच बसायला. मृत्युंजयअण्णांवर खटला झाला, तो अजून चालू आहे. त्यांचं लातुरात मुलींचं वसतिगृह आहे, ते चांगलं चालतं. रामकिशन सर निवृत्त झाले. आनंदराज चौकशीत दोषी ठरला. त्यानं स्वतःच तर लिहून दिलं होतं. सही केलेला पुरावा त्याच्या एकट्याविरुद्ध होता. आता कुठल्याही विशेष शाळेत त्याला नोकरी लागू शकत नाही.

तो साक्षीचा अहवाल घेऊन महांतेशकडं गेला होता. नव्या शाळेत मी स्वतः नेऊन घालतो म्हणाला. महांतेशनी कागद हातात घेतला नाही. “एका साहेबानं म्हणलं ऐकाय येतंय. दुसऱ्यानं म्हणलं न्हाई. तुमी गप ऱ्हायलाव, मग बोल्लाव. मी अडाणी मानूस. पोरीला मारलं मी, सर, तुमच्या त्या कागदापाई. आता तुमच्यातल्या कुनाच्याबी कागदावर पोरगी घराभाईर काढनार न्हाई.”

आम्ही पुढं नांदेडला परत आलो. मला एका नेहमीच्या शाळेत नोकरी मिळाली. माझ्या कागदांवर कसलाच डाग नव्हता. आनंदराजही आईला घेऊन नांदेडातच आला होता. जुन्या मोंढ्याकडं औषधांच्या एका गोदामात खोकी भरायचं काम करतो. लग्न ठरत आलं होतं, चौकशीचं कळल्यावर मोडलं. सरजाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. मी मयतीला गेले होते. त्रिशरण चालू होतं आणि तो आईच्या पायाशी बसून हात हलवत होता, अगदी लहान लहान, पदराआड बोलावं तसं. लोकांना वाटलं हात थरथरतायत.

त्या दिवशी मी त्याला सहीचं बोलले. इतकी वर्षं टाळलं होतं. तो म्हणाला, “तुम्ही सही केली असती तरी शाळा बंदच झाली असती, ताई. उलट तुमचीपण नोकरी गेली असती.” मला धीर द्यायलाच तो म्हणाला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला त्या दिवशी झोप लागली असती.

गेल्या फाल्गुनात त्याला महांतेशचा फोन आला. इतक्या वर्षांनी. साक्षी एकोणीस वर्षांची झाली. शिवेपलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बरा, शेतकरी, पायानं जरा अधू. घरात गडबड चालली होती, बांगड्या भरल्या, साड्या आणल्या, आणि पोरगी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिला काय चाललंय ते नीट सांगणारं घरात कुणी नव्हतं. महांतेश फोनवर रडत म्हणाले, “सर, तुमीच या. येवडं समजावून सांगा तिला. कापायला नेत्यात तसं नको वाटतंय मला.”

आनंदराज एक दिवसाची रजा टाकून गेला. परत आल्यावर माझ्याकडं आला आणि सांगायला लागला.

साक्षीनं त्याला लगेच ओळखलं. पण तिच्याकडं शब्द होते ते नऊ वर्षांच्या पोरीचेच. पाणी, आई, भूक, पडलं, चित्र, लवकर, माझं. त्यानंतरचं कुणी शिकवलंच नव्हतं. तेवढ्या शब्दांत त्याला तिला लग्न समजवायचं होतं. तो दोन तास बसला. हे घर, ते घर. ही आई, ती दुसरी आई. तिथं झोपायचं, तिथं जेवायचं, तिथं तुझं. हळूहळू तिला समजलं. ती रडली नाही. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, तिथं हातानं बोलणारं कोण आहे?

महांतेश दारातून बघत होते. त्यांनी विचारलं, “काय इचारलालीय?” आनंदराजनं सांगितलं. महांतेश खाली बसले.

“मग काय सांगितलंत तुम्ही?” मी म्हणाले.

“कुणी न्हाई म्हणून सांगितलं,” आनंदराज म्हणाला. “तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं.”

लग्न चैत्रात झालं. तो गेला नाही. मोंढ्यात त्या दिवशी औषधांची मोठी गाडी उतरायची होती.